पिल्लू आणण्याआधी घरचे घड्याळ पाहा

नाताळ जवळ आला की आमच्याकडे दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. मुलांचा हट्ट असतो, वडिलांना राखणीला सोबत हवी असते, आणि मग विचारले जाते, "कुत्रे आणायचे आहे, कोणत्या जातीचे आणावे?" कोणी अल्सेशियनचे नाव घेतो, कोणी लॅब्राडॉरचे, आणि अलीकडे तर बर्फाळ मुलुखातील हस्कीचेही. प्रश्न साधा आहे, परंतु आमच्या मते तो उलट्या टोकाने विचारलेला आहे. जातीचा विचार सर्वांत शेवटी करावयाचा असतो. आधी पाहावयाचे ते आपले घर, घरातील माणसांचे कामाचे तास आणि आपली मिळकत. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण कुत्रे पाळणाऱ्यालाही तितकीच लागू आहे.

आपली बहुतेक कुटुंबे कष्टकरी आहेत. कोणी इस्पितळात रात्रपाळी करते, कोणी शाळेत शिकवते, कोणी कारखान्यात किंवा दुकानात उभे असते. मेडचल, घटकेसर, मोइनाबाद या बाजूंना कोणाचा भाजीमळा आहे, कोणाच्या चार म्हशी आहेत, कोणाची कोंबड्यांची शेड आहे. अशा घरांना कुत्रे शोभेचे म्हणून परवडत नाही. ते घराच्या चालीत बसले पाहिजे. न बसल्यास त्याचे हाल होतात, घराचे होतात आणि शेवटी गल्लीचेही होतात.

दुपारी घरी कोण असते?

हा आमचा पहिला प्रश्न. सकाळी आठला दाराला कुलूप लागते आणि संध्याकाळी सातला निघते, असे घर असेल तर तेथे दोन महिन्यांचे पिल्लू आणू नये. त्या वयात पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा थोडेथोडे खावयास लागते. ते दर दोन-तीन तासांनी घाण करते आणि जागेपणी सतत कोणाची तरी संगत मागते. अकरा तास बंद खोलीत ठेवलेले पिल्लू रडते, चपला फाडते, गादी ओली करते. शेजारी तक्रार करतात. मग त्याला गॅलरीत साखळीने बांधले जाते. बांधलेले कुत्रे चिडके होते, चिडके कुत्रे चावते, आणि एका रात्री त्याला रिक्षात घालून रिंग रोडपलीकडे सोडून येतात. भाकरीला जागणारे जनावर म्हणून ज्याची आपण वाखाणणी करतो, त्याच्या भाकरीला आपण मात्र जागत नाही.

हे केवळ निर्दयपणाचे नाही, गुन्ह्याचेही आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास मनाई करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार, भुकेने व तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा गुन्हा आहे. कुत्र्याला आखूड किंवा जड साखळीने तासन्‌तास बांधून ठेवणे आणि त्याला कधीच न फिरवणे, हेही त्याच कलमात येते.

टाकलेले कुत्रे नाहीसे होत नाही, हेही ध्यानात घ्यावे. ते दुसऱ्या कोणाच्या गल्लीत जाते, तेथील टोळीत मिसळते, आणि शस्त्रक्रिया झालेली नसेल तर वर्षभरात त्याची संतती वाढते. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्याच शहरात अंबरपेठ येथे चार वर्षांच्या एका मुलाचा भटक्या कुत्र्यांच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्या घटनेने सारे हैदराबाद हादरले आणि सर्वांनी पालिकेला बोल लावला. पालिकेची जबाबदारी आहेच. परंतु रस्त्यावरील कुत्र्यांच्या संख्येत भर घालणारे काही हात आपल्यासारख्या घरांतलेही असतात, हे मान्य केल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही.

आल्प्सच्या मठातील धडा

कामाला साजेसे कुत्रे कसे निवडावे याचे एक उत्तम उदाहरण ख्रिस्तसभेच्या इतिहासातच आहे. स्वित्झर्लंड व इटली यांच्या सीमेवरील आल्प्सच्या घाटात संत बर्नार्ड यांनी ११ व्या शतकात वाटसरूंसाठी एक मठ उभारला. तेथील धर्मबंधूंनी पुढे थोराड, दाट केसांची कुत्री बाळगली. ती बर्फात वाट शोधत आणि हिमवादळात सापडलेल्या माणसांपर्यंत पोहोचत. त्यातूनच सेंट बर्नार्ड ही जात नावारूपाला आली. त्या धर्मबंधूंनी कुत्र्याचे रूप पाहिले नाही. त्यांनी आपला डोंगर, आपला बर्फ आणि आपले काम पाहिले.

आता हेच कुत्रे हैदराबादेत आणून पाहा. डिसेंबरच्या गारव्यात ते रुबाबदार दिसते. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, वीज जाते, पत्र्याची गॅलरी तव्यासारखी तापते. माणसासारखा कुत्र्याच्या अंगाला घाम येत नाही. ते मुख्यतः धापा टाकूनच अंगातील उष्णता बाहेर टाकते. दाट लोकर असलेल्या हस्कीला व सेंट बर्नार्डला हे ऊन म्हणजे रोजची शिक्षा. बसक्या नाकाच्या पगची तीच गत, कारण त्याला धापही नीट टाकता येत नाही. २००३ साली हच कंपनीच्या टेलिफोनच्या जाहिरातीत एक पग लहान मुलाच्या मागोमाग धावला आणि देशभर पगची मागणी वाढली. पण उन्हाळ्यात त्याला श्वास पुरेल का, हे जाहिरात पाहणाऱ्या किती जणांनी विचारले?

धर्मबंधूंचा नियम आपणही पाळावा. आपला मुलूख दख्खनचा, आपले ऊन दख्खनचे. म्हणून आपले कुत्रेही येथल्या हवेला सोसणारे असावे.

घर तसे कुत्रे

पहिले घर दोन खोल्यांचे व नोकरदारांचे. घरात आजी-आजोबा किंवा दुपारी शाळेतून येणारे मोठे मूल असेल, तरच येथे कुत्र्याचा विचार करावा. आमची शिफारस गावठी कुत्र्याची, आणि तेही पूर्ण वाढलेल्या, दीड-दोन वर्षांच्या, शस्त्रक्रिया झालेल्या मादीची. पिल्लाचा स्वभाव मोठेपणी कसा निघेल हे सांगता येत नाही. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव मात्र आठवडाभरात कळतो. १९९२ साली सुरू झालेली ब्लू क्रॉस ऑफ हैदराबाद ही संस्था व अशीच इतर आश्रयस्थाने चांगली कुत्री चांगल्या घरांना देतात. तेथे जाऊन त्या कुत्र्याबरोबर दोन-तीनदा वेळ घालवावा, मुलांना सोबत न्यावे, मगच ठरवावे.

दुसरे घर गोठ्याचे किंवा मळ्याचे. येथे दिवसभर माणसांचा वावर असतो, उघडी जागा असते, आणि रात्री चाहूल लागताच भुंकणारे जनावर खरोखर उपयोगी पडते. यासाठीही गावठी कुत्र्याइतके सोयीचे दुसरे नाही. त्याचे केस आखूड असल्यामुळे ऊन सोसते, गोचीड पटकन दिसतात, आणि साध्या भाकरी, दूध, अंडे, भात यांवर ते नीट जगते. गोठ्यावर आणावयाचे पिल्लू गोठ्यावर वाढलेल्या आईचेच घ्यावे. जी आई वासरांत व कोंबड्यांत वावरते, तिच्याबरोबर पिल्लेही लहानपणापासून तेच पाहतात. त्यांना हे वळण फार शिकवावे लागत नाही.

तिसरे घर मोठ्या शेताचे. अशांना कधीकधी कारवानी कुत्र्याची हौस असते. ही हौस आम्हांला समजते, कारण तो आपल्याच मुलखातील कुत्रा आहे. लातूरकडे तो आजही पाळला जातो, आणि १९५६ पूर्वी तो मुलूख हैदराबाद राज्यातच होता. तांड्यांबरोबर फिरणाऱ्या लोकांचा कुत्रा म्हणून त्याला कारवानी म्हणतात, असे सांगितले जाते. कर्नाटकात मुधोळच्या घोरपडे राजांनी याच वळणाची कुत्री जोपासली, म्हणून तिकडे तो मुधोळ हाउंड. २००५ साली भारतीय टपाल खात्याने त्याच्यावर तिकीट काढले आणि २०१६ मध्ये लष्कराच्या मीरत येथील केंद्राने त्याची पिल्ले शिकवणीसाठी नेली. पण हा धावणारा, नजरेने शिकार हेरणारा कुत्रा आहे. त्याला रोज मोकळे रान लागते. पळणारी कोंबडी, मांजर किंवा करडू दिसले की तो मागे लागतो. सदनिकेत किंवा कोंबड्यांच्या शेडजवळ त्याला ठेवणे म्हणजे दोघांचेही नुकसान.

अल्सेशियन व लॅब्राडॉर यांविषयी थोडे. दोन्ही हुशार, परंतु दोन्हींना भरपूर व्यायाम व खुराक लागतो, आणि दोहोंतही कंबरेच्या सांध्याचा आनुवंशिक आजार आढळतो. लॅब्राडॉर व्यायामाविना फुगतो. शिवाय तो चोराचेही शेपूट हलवून स्वागत करील. अल्सेशियनला रोज शिकवणारा माणूस लागतो. तो माणूस घरात नसेल तर हा कुत्रा घेऊ नये.

"पण राखणीला तर खुनशी कुत्रे हवे ना?" असे पुष्कळजण म्हणतात. आम्हांस हे पटत नाही. राखणीसाठी जागरूक कुत्रे हवे, खुनशी नव्हे. भुरटा चोर आवाजाला भितो. मुद्दाम चिडवून, बांधून, उपाशी ठेवून खुनशी केलेले कुत्रे चोराला चावेल तेव्हा चावेल. त्याआधी ते दूधवाल्याला, पोस्टमनला किंवा शेजारच्या लेकराला चावते.

मादीविषयी गैरसमज

गावाकडे नर पिल्लू उचलले जाते आणि मादी पिल्ले पोत्यात घालून उकिरड्यावर सोडली जातात. हे पाप आहे, असे स्पष्ट म्हणण्यास आम्ही कचरत नाही. मादी बहुधा घराजवळ राहते, भटकत नाही, आणि राखण नराइतकीच करते. पिल्लांची अडचण शस्त्रक्रियेने कायमची सुटते. काही भाविकांना या शस्त्रक्रियेविषयी शंका येते. माणसांच्या विवाहाविषयीची ख्रिस्तसभेची शिकवण जनावरांस लावण्याचे कारण नाही. नको असलेली सहा पिल्ले जन्माला घालून उपाशी मारण्यापेक्षा ती जन्मूच न देणे, यातच दया आहे.

पिल्लू निवडताना

१. आठ आठवड्यांपूर्वी पिल्लू आईपासून तोडू नये. कोणी महिन्याचे पिल्लू विकत असेल तर त्याच्याकडून घेऊच नये.

२. शक्यतो आई पाहावी. आई शांत, सुदृढ असेल तर निम्मे काम झाले. आई दाखवण्यास टाळाटाळ करणाऱ्यापासून दूर राहावे.

३. डोळे व नाक स्वच्छ, कातडी निरोगी असावी. अंग रोड आणि पोट मात्र फुगलेले असेल तर जंतांची शंका घ्यावी.

४. पाठीमागे किल्ल्यांचा जुडगा टाकून पाहावा. दचकून पुन्हा हुंगायला येणारे पिल्लू घ्यावे. कोपऱ्यात दडून बसणारे किंवा लगेच दात दाखवणारे घेऊ नये. वळून न पाहणाऱ्याचे कान तपासून घ्यावेत.

५. घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे. सरकारी दवाखान्याचा उपयोग करावा, लाजू नये.

लस ही चैन नव्हे

पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो, डिस्टेंपर वगैरे रोगांची लस व तिचे पुढचे डोस द्यावे लागतात. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, मग डॉक्टर सांगतील तसा पुढचा डोस आणि दरवर्षी पुन्हा. जंताचे औषध वेळच्या वेळी द्यावे. गोठ्यावरच्या कुत्र्याला कत्तलखान्यातील कच्चे आतडे-काळीज घालू नये. त्यातून कुत्र्याला एक पट्टकृमी होतो आणि त्याच्या विष्ठेतून माणसाच्या यकृतात पाण्याच्या गाठी होतात. शिजवलेली कोंबडीची हाडेही देऊ नयेत, ती चिरफाळून घशात वा आतड्यात रुततात.

हैदराबादकराला लसीचे महत्त्व सांगावे लागू नये. १९८२ साली राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने इंडियन इम्युनॉलॉजिकल्स ही कंपनी आपल्याच शहरात उभी केली. कुत्र्यांसाठी रक्षारॅब आणि माणसांसाठी अभयरॅब या रेबीजच्या लशी तिच्याच. ज्या गावात लस तयार होते, त्या गावातील पाळलेले कुत्रे लशीवाचून राहावे, ही नामुष्की आहे.

आणि कोणतेही कुत्रे चावले, ओरबाडले किंवा जखमेवर चाटले, तर जखम ताबडतोब साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट, तेल काहीही लावू नये. त्याच दिवशी नारायणगुडा येथील इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिन, नल्लाकुंटा येथील फीव्हर हॉस्पिटल किंवा जवळचे सरकारी इस्पितळ गाठावे. रक्त आलेल्या जखमेला लशीबरोबर जखमेत टोचावयाचे दुसरे औषधही लागते, ते मागून घ्यावे. वडीलधाऱ्यांना अजून पोटातल्या १४ सुयांची भीती वाटते. ती जुनी लस आपल्या देशात २००५ च्या सुमारासच बंद झाली. आताची सुई दंडात घेतात आणि ठरलेल्या दिवशी चार-पाच वेळाच. कुत्रे आपले आहे, ओळखीचे आहे, म्हणून थांबू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस बहुधा वाचत नाही, परंतु वेळेवर घेतलेली लस वाचवते. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांनी पॅरिसमध्ये नऊ वर्षांच्या मुलावर हा उपाय प्रथम केला आणि तो मुलगा वाचला. त्याला इतकी वर्षे होऊनही आपल्याकडे लेकरे याच रोगाने जावीत, याची खंत वाटते.

नको म्हणण्याचे धैर्य

कुत्रे बारा-चौदा वर्षे जगते. आज जे मूल प्रथम कम्युनियनची तयारी करीत आहे, ते कॉलेज संपवून कामाला लागेल, तोवर हे कुत्रे आपल्या घरी असणार. मे महिन्यात गावी जाताना, सप्टेंबरात वेलांकनीच्या यात्रेला निघताना त्याला कोण पाहील? लशीचे, औषधाचे, खाण्याचे पैसे महिन्याच्या हिशेबात बसतात का? शाळेची फी थकलेली असताना जातिवंत पिल्लावर हजारो रुपये घालणे आम्हांस योग्य वाटत नाही. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथातही याविषयी समतोल सांगितला आहे. जनावरांना विनाकारण दुःख देणे मनुष्याला शोभत नाही, आणि गरजू माणसांचा घास त्यांच्यावर उधळणेही शोभत नाही.

म्हणून एखाद्या घराने नीट विचार करून "सध्या नको" असे ठरवले, तर त्यात कमीपणा काही नाही. उलट तो जबाबदारीचा निर्णय आहे. अशा घराने गल्लीतील एखाद्या शांत कुत्र्याची काळजी शेजाऱ्यांबरोबर वाटून घ्यावी. एकाने पाणी ठेवावे, दुसऱ्याने शिळे नव्हे तर ताजे अन्न द्यावे, पण मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर. चार घरांनी मिळून त्याची लस व शस्त्रक्रिया करून घ्यावी. मुलांची हौसही भागते आणि गल्लीही सुरक्षित होते.

टोबीतच्या पुस्तकात तरुण टोबिया दूरच्या प्रवासाला निघतो, तेव्हा देवदूताबरोबर त्याचे कुत्रेही निघते. परतताना ते पुन्हा सोबत असते. त्याची जात कोठे लिहिलेली नाही, त्याने काही पराक्रम केल्याचेही सांगितलेले नाही. ते जाताना बरोबर होते आणि येताना बरोबर होते, एवढेच. टोबियानेही त्याला वाटेत टाकले नाही. या नाताळात ज्यांना पिल्लू आणावयाचे असेल त्यांनी खुशाल आणावे, पण आधी घरी बसून प्रत्येकाचे जाण्यायेण्याचे तास कागदावर लिहावेत. त्या कागदावर कुत्र्यासाठी जागा निघाली, तरच बाजाराची किंवा आश्रयस्थानाची वाट धरावी.